स्वमग्नता : भाषा व संप्रेषण

स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतील जन्मजात भिन्नतेमुळे उद्भवणारी व आयुष्यभर टिकणारी विकासात्मक अवस्था होय. इंग्रजीत ती ऑटिझम या नावाने ओळखली जाते. इतरांशी संप्रेषण साधण्याची निराळी पद्धत, ठरावीक कृतींची व विषयांची पुनरावृत्ती, बदलाविषयी अस्वस्थता आणि आवाज, प्रकाश, स्पर्श इ. संवेदनांना येणारा अतितीव्र किंवा अतिमंद प्रतिसाद ही तिची प्रमुख लक्षणे होत. तिचे प्रमाण सामान्यतः शंभर मुलांमागे एक असे मानले जाते. मुलींपेक्षा मुलांमध्ये तिचे निदान अधिक होते. भाषा व संप्रेषण हा या अवस्थेच्या अभ्यासाचा आणि स्वमग्न व्यक्तींना द्यावयाच्या साहाय्याचा मध्यवर्ती विषय आहे.

संकल्पनेचा इतिहास : लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ञाने बॉल्टिमोर येथे तपासलेल्या ११ मुलांचे वर्णन १९४३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी ८ मुले बोलत होती व ३ मुले बोलत नव्हती. तथापि बोलणाऱ्या मुलांचे बोलणेही इतरांना काही कळविण्यासाठी फारसे उपयोगी पडत नाही, असे कॅनरला आढळले. ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी उच्चारणे आणि ‘मी’ व ‘तू’ यांची अदलाबदल करणे ही वैशिष्ट्येही त्याने नोंदविली. १९४६ मध्ये लिहिलेल्या दुसऱ्या निबंधात त्याने दाखविले, की या मुलांची असंबद्ध वाटणारी वाक्ये पुष्कळदा त्यांच्या पूर्वानुभवातील एखाद्या निश्चित प्रसंगाशी जोडलेली असतात. तो प्रसंग ज्याला ठाऊक आहे, त्याला वाक्याचा अर्थ लागतो. हान्स आस्पेर्गर याने व्हिएन्ना येथे १९४४ मध्ये अशाच, परंतु अस्खलित बोलणाऱ्या मुलांचे वर्णन केले. पुढे काही काळ मातेच्या भावनिक थंडपणामुळे स्वमग्नता येते, अशी समजूत पसरली व अनेक मातांना विनाकारण दोष सोसावा लागला. बर्नार्ड रिमलंड याने १९६४ मध्ये तिचे साधार खंडन केले. आनुवंशिक घटकांचा स्वमग्नतेत मोठा वाटा असतो, हे त्यानंतरच्या संशोधनाने सिद्ध झाले आहे. लोर्ना विंग व जूडिथ गूल्ड यांनी १९७९ मध्ये लंडनमधील पाहणीच्या आधारे सामाजिक व्यवहार, संप्रेषण आणि कल्पनाशक्ती या तिन्ही क्षेत्रांतील अडचणी एकत्र आढळतात, असे प्रतिपादन केले. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात पूर्वीचे उपप्रकार एका ‘वर्णपटा’त समाविष्ट करण्यात आले. त्यात वाचाविकासातील विलंब हा निदानाचा अनिवार्य निकष राहिलेला नाही. भाषेची अडचण आहे वा नाही, याची नोंद स्वतंत्रपणे केली जाते.

भाषेची वैशिष्ट्ये : भाषा व संप्रेषण या दोन भिन्न गोष्टी आहेत. बोलू न शकणारे मूल हाताने, नजरेने वा चित्राने आपला हेतू कळवू शकते. उलटपक्षी एखादे मूल शेकडो शब्द उच्चारते, परंतु तहान लागली हे सांगू शकत नाही. सर्वसामान्य मूल सु. एक वर्षाचे होताना आवडलेल्या वस्तूकडे बोट दाखविते व मोठ्या माणसाकडे वळून पाहते. दोघांनी एकाच वस्तूकडे लक्ष देण्याच्या या क्रियेस संयुक्त अवधान म्हणतात. शब्द शिकण्याचा पाया त्यातच असतो. स्वमग्न मुलात ही क्रिया उशिरा अथवा निराळ्या रीतीने विकसित होते.

ऐकलेले बोल पुन्हा उच्चारण्यास प्रतिध्वनिवाणी म्हणतात. पूर्वी ती निरर्थक समजली जाई व ती बंद पाडण्याकडे उपचारांचा कल असे. बॅरी प्रिझंट व जूडिथ डकन यांनी १९८१ मध्ये केलेल्या विश्लेषणातून मात्र तिची वेगवेगळी कार्ये स्पष्ट झाली. मूल तिच्याद्वारे आपली पाळी साधते, होकार देते, मागणी करते किंवा स्वतःला धीर देते. उदा., पूर्वी जिन्यावर ऐकलेले ‘पडशील हं !’ हे वाक्य मूल पुढे भीती वाटली, की कोठेही उच्चारते. अशा वेळी वाक्याचा शब्दार्थ न पाहता त्यामागील हेतू ओळखून ‘भीती वाटली ना?’ असा सोपा नमुना त्याच्यापुढे ठेवणे हितावह ठरते.

सु. एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश स्वमग्न मुले शाळेच्या वयातही अत्यल्प बोलतात किंवा मुळीच बोलत नाहीत. परंतु पाच वर्षांपर्यंत वाचा आली नाही, तर पुढे ती येतच नाही, ही समजूत बरोबर नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौथ्या वर्षी भाषेत फार मागे असलेल्या ५३५ मुलांपैकी सु. ७० टक्के मुलांना वयाच्या आठव्या वर्षी वा त्यानंतर शब्दसमूहांत बोलता येऊ लागले होते आणि सु. ४७ टक्के मुले ओघवते बोलत होती.

अस्खलित बोलणाऱ्या स्वमग्न व्यक्तींची अडचण शब्दांपेक्षा त्यांच्या प्रसंगोचित वापरात असते. ‘पोटात कावळे ओरडताहेत’ किंवा ‘डोक्यावर बसू नकोस’ अशा वाक्प्रचारांचा वाच्यार्थच घेतला जातो. उपरोध, सूचक नकार व औपचारिक विचारपूस यांचा अर्थ लागत नाही. मात्र ही अडचण एकतर्फी नसते. डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये असे मांडले, की स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन जसे उमगत नाही, तसेच इतरांनाही तिचे मन उमगत नाही. त्यामुळे परस्परांना समजून घेण्याची जबाबदारी उभयतांवर येते.

मराठीच्या संदर्भात : स्वमग्न मुलांच्या भाषेची वर्णने बहुतांशी इंग्रजीवर आधारलेली असल्याने ती मराठी मुलांस लावताना भाषेची प्रकृती ध्यानी घ्यावी लागते. मराठीत सर्वनाम पुष्कळदा गाळले जाते व पुरुषाचा बोध क्रियापदाच्या प्रत्ययाने होतो. पाणी हवे असताना मूल ‘पाणी पितोस का?’ असे म्हणत असेल, तर तेथे ‘तू’ हा शब्द नसला, तरी पुरुषविपर्यय झालेलाच असतो. क्रियापद कर्त्याच्या लिंगानुसारही बदलते. त्यामुळे आईचे बोल जसेच्या तसे उचलणारा मुलगा ‘मी येते’ असे म्हणतो. लहान वयात इतर मुलांकडूनही अशी चूक होते, म्हणून केवळ तेवढ्यावरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. शिवाय मराठी घरांत आई स्वतःचा उल्लेख ‘आई देते हं’ असा व मुलाचा उल्लेख त्याच्या नावाने करते. ‘आपण’ हे सर्वनाम बोलणारा व ऐकणारा या दोघांसाठी वापरतात, तसेच ते आदरार्थी द्वितीय पुरुषीही असते. ‘तू’ व ‘तुम्ही’ यांतील निवड नाते, वय व प्रसंग यांवर अवलंबून असते. हे अलिखित नियम स्वमग्न मुलास उदाहरणे देऊन उघडपणे शिकवावे लागतात. अन्यथा शिक्षकांना ‘तू’ म्हणणारे मूल उद्धट ठरते.

घरी मराठी न बोलता केवळ इंग्रजीच बोलावी, म्हणजे मुलाचा गोंधळ होणार नाही, असा सल्ला शहरी पालकांना अनेकदा दिला जातो. द्विभाषिक स्वमग्न मुलांच्या अभ्यासांतून त्यास आधार मिळालेला नाही. दोन भाषा कानी पडल्याने त्यांचा भाषाविकास अधिक मागे पडतो, असे आढळत नाही. उलट आईवडील ज्या भाषेत सहज बोलतात, ती घरातून वर्ज्य केल्यास मुलाशी होणारे बोलणेच आटते व आजीआजोबांशी असलेला त्याचा दुवा तुटतो.

निदान : बाराव्या महिन्यापर्यंत बडबड वा हातवारे नसणे, सोळाव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नसणे, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडता न येणे, नावाने हाक मारल्यास प्रतिसाद न देणे आणि आलेली भाषा कोणत्याही वयात लोपणे, ही तपासणी आवश्यक असल्याची चिन्हे होत. प्रथम श्रवणशक्ती तपासणे अगत्याचे असते. ‘मुलगे उशिराच बोलतात’ या समजुतीने वाट पाहण्यात महत्त्वाची वर्षे वाया जातात. भारतात प्रमाणपत्रासाठी वापरल्या जाणाऱ्या भारतीय स्वमग्नता मूल्यांकन श्रेणीत ४० बाबी असून त्यांपैकी ९ वाचा, भाषा व संप्रेषण यांच्याशी संबंधित आहेत. एकूण गुणांक ७० पेक्षा कमी असल्यास स्वमग्नता नाही, असे समजतात.

साहाय्याच्या पद्धती : स्वमग्नता नाहीशी करणारे औषध नाही. संप्रेषण वाढविणे, परिसर सुबोध करणे व सोबतच्या माणसांना प्रशिक्षण देणे ही साहाय्याची मुख्य अंगे होत. एरिक शॉप्लर याच्या नेतृत्वाखाली नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७२ पासून चालविलेल्या कार्यक्रमात चित्रमय वेळापत्रक व कामाची दृश्य मांडणी यांवर भर देण्यात आला. अँडी बाँडी व लोरी फ्रॉस्ट यांनी १९८५ मध्ये डेलावेअर येथे चित्र-विनिमय पद्धती तयार केली. तीत मूल हव्या असलेल्या वस्तूचे चित्र दुसऱ्याच्या हाती देते व त्याबदली ती वस्तू मिळविते. संप्रेषणासाठी दुसऱ्या माणसाकडे जावे लागते, ही मूलभूत गोष्ट ते यातून शिकते. पुढे सहा टप्प्यांत वाक्यरचना व निवेदन यांपर्यंत त्याची मजल जाते.

चित्रे, खुणा, लेखन व आवाज देणारी उपकरणे यांना एकत्रितपणे पूरक व पर्यायी संप्रेषण म्हणतात. त्यांमुळे मूल बोलण्याचा आळस करील, अशी भीती पालकांना वाटते. २००६ मधील एका समीक्षेत विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या सर्वांत विश्वसनीय अशा २७ उदाहरणांची छाननी करण्यात आली. त्यांपैकी ८९ टक्के उदाहरणांत बोलण्यात वाढ झाली, उरलेल्यांत बदल झाला नाही व एकातही घट झाली नाही. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेल्या ‘जेलो’ या भ्रमणध्वनी-प्रणालीत चित्रे व उच्चार यांची सोय मराठीतही आहे. कागदावरील हाताने काढलेली चित्रेही तितकीच उपयोगी पडतात. मात्र चित्रे व शब्द मुलाच्या घरातील असावेत. ज्या घरी भाकर व कालवण हे शब्द रूढ आहेत, तेथील मुलाच्या तक्त्यावर सँडविचचे चित्र निरुपयोगी ठरते.

पर्यायी संप्रेषणात शब्द त्या व्यक्तीचेच आहेत, याची खातरजमा करावी लागते. साहाय्यकाने हात धरून अक्षरे टंकित करण्याची पद्धती १९९० च्या सुमारास बरीच लोकप्रिय झाली होती. मूल व साहाय्यक यांना वेगवेगळी चित्रे दाखवून घेतलेल्या चाचण्यांत उत्तरे साहाय्यकाने पाहिलेल्या चित्राशी जुळली, म्हणजेच लेखन नकळत साहाय्यकाचे होते. अमेरिकेतील वाचा-श्रवणतज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धती वापरू नये, असे स्पष्ट केले.

महाराष्ट्र व गोवा : वाचाउपचारतज्ञांचे प्रशिक्षण मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न महाविद्यालयात १९६० च्या दशकात सुरू झाले. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. मुंबईतील ‘उम्मीद’ बालविकास केंद्र (२००१), ‘फोरम फॉर ऑटिझम’ ही पालकसंघटना व पुण्याचे प्रसन्न ऑटिझम केंद्र यांचे या क्षेत्रातील कार्य उल्लेखनीय आहे. तथापि तज्ञ व संस्था बहुतांशी शहरांत एकवटलेल्या आहेत. पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्हे परिसरातील पालीसारख्या डोंगरी गावातून मुलास आठवड्यातून दोनदा शहरात नेणे म्हणजे पालकाची तितक्या दिवसांची मजुरी बुडणे होय.

या प्रश्नावर गोव्यातील एक प्रयोग मार्गदर्शक आहे. इंग्लंडमध्ये विकसित झालेली पालकांमार्फत साहाय्य देण्याची पद्धती ‘संगाथ’ या संस्थेने स्थानिक परिस्थितीस अनुरूप करून घेतली. गोवा व पाकिस्तानातील रावळपिंडी येथील ६५ मुलांवर तिची चाचणी झाली व निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ञांच्या देखरेखीखाली, परंतु तज्ञ नसलेल्या आरोग्यसेवकांनी १२ बैठका घेतल्या. पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रीकरण करून ते पालकांसह पाहणे आणि मुलाने केलेला संप्रेषणाचा सूक्ष्म प्रयत्न ओळखून त्यास प्रतिसाद देण्यास शिकविणे, हे तिचे सूत्र होते. पालकांचा प्रतिसाद अधिक जुळता झाला व मुलांनी स्वतःहून सुरू केलेले संप्रेषण वाढले. संयुक्त अवधानात मात्र तसा लाभ आढळला नाही. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांचे जाळे असलेल्या ग्रामीण भागास हे उदाहरण उपयुक्त आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत स्वमग्नतेचा अंतर्भाव आहे. परंतु तपासणीनंतर नियमित साहाय्य मिळाले, तरच तिचा उपयोग होतो.

प्रौढ व्यक्ती व कायदा : १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाने तिला प्रथम मान्यता दिली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमातील २१ प्रकारांत ती अंतर्भूत असून त्यातील संप्रेषणाच्या व्याख्येत सुबोध भाषा तसेच पूरक व पर्यायी साधनेही येतात. याचा अर्थ, न बोलणाऱ्या व्यक्तीचा चित्रतक्ता हे तिच्या संप्रेषणाचे कायद्याने मान्य केलेले साधन ठरते.

प्रौढपणी संप्रेषणाचा अभाव अधिक घातक ठरतो. दुखणे कोठे आहे, हे सांगता न आल्याने आजार लक्षात येत नाही व वेदनेमुळे झालेला आक्रोश ‘वर्तनसमस्या’ समजून गुंगीची औषधे दिली जातात. अत्याचार झाल्यास तो कथन करता येत नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या अधिनियमानुसार दिव्यांग बालकाचा जबाब नोंदविताना त्याच्या संप्रेषणपद्धतीशी परिचित व्यक्तीची अथवा विशेष शिक्षकाची मदत घेता येते. बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची लेखी वा खुणांनी दिलेली साक्ष १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातही ग्राह्य होती. या तरतुदींचा लाभ मिळण्यासाठी ती पद्धती बालपणीच रुजलेली असावी लागते. शरीराच्या अवयवांची नावे, ‘दुखते’, ‘नको’ आणि ‘थांबा’ हे शब्द म्हणूनच खाऊ व खेळणी यांच्या नावांइतकेच लवकर शिकवावेत. त्यांतही ‘नको’ या शब्दास मान देणे इतरांनी शिकणे आवश्यक असते. नकाराची दखल घेतली जात नाही असा अनुभव वारंवार आला, तर बोलता येणारी व्यक्तीही बोलणे सोडून देते.