लेकरू, टीव्ही आणि पाच रुपयांचा पुडा

आज आपण लेकरांच्या वाढत्या वजनाबद्दल बोलणार आहोत, आणि त्यात टीव्हीचा हात किती, हेही बघणार आहोत.

विषय ऐकून काहीजणी म्हणतील, "बाई, आमच्याकडं लठ्ठ लेकरं आहेत कुठं? अंगणवाडीच्या काट्यावर वजन भरत नाही म्हणून आम्ही काळजीत." खरं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर लेकरांपैकी ३५ जणांची उंची वयाच्या मानानं कमी निघाली आणि ३६ जणांचं वजन कमी. आपली पहिली लढाई तीच आहे. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. वजन जास्त असलेली लेकरं आधीच्या पाहणीत शंभरात १.९ होती, ती आता ४.१ झाली. आकडा लहान दिसतो, पण तो दुपटीनं वाढला आहे.

ही दोन दुखणी एकाच गावात, कधी कधी एकाच घरात कशी येतात? पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. पण मोजमाप केल्यावर दिसलं, की या बारीक बाळांचे स्नायू कमी होते आणि चरबी मात्र त्या मानानं कमी नव्हती. म्हणजे दिसायला बारीक, पण आत चरबी. अशा लेकरांना पुढं आयतं गोड-तळलेलं मिळालं आणि अंगाला हालचाल राहिली नाही, तर त्यांना साखरेच्या आजाराचा धोका जास्त. म्हणून "माझं लेकरू तर काडीसारखं आहे, त्याला पुड्यातलं खाऊ दिलं तर काय बिघडतं?" असं म्हणून चालत नाही. पुड्यानं भूक मरते, मग लेकरू भाकरी-वरणाला शिवत नाही. एकाची वाढ त्यानं खुंटते, दुसऱ्याचं पोट सुटतं. पुडा तोच.

आता टीव्हीकडं येऊ. टीव्हीपुढं बसून वजन का वाढतं? पहिलं, बसलेलं लेकरू खेळत नाही. दुसरं, डोळे पडद्यावर असले की पोट भरल्याचं कळत नाही. हात पुड्यात जात राहतो. तिसरं, जाहिराती. आणि चौथं, रात्री उशिरापर्यंत बघितलं की झोप कमी होते, त्याचाही भूक आणि वजनाशी संबंध आहे.

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या दोन शाळांमध्ये तिसरी-चौथीच्या मुलांवर एक प्रयोग झाला होता. १९९९ मध्ये तो छापून आला. एका शाळेत मुलांना टीव्ही कमी बघायला शिकवलं, दुसरीत नाही. व्यायामाचा वेगळा तास ठेवला नाही, पथ्य सांगितलं नाही. शाळेचं वर्ष सरताना बघितलं, तर टीव्ही कमी करणाऱ्या मुलांची चरबी दुसऱ्या शाळेतल्या मुलांपेक्षा कमी वाढली होती. टीव्हीपुढं बसून जेवणंही त्यांच्यात कमी झालं होतं.

मग टीव्हीवर काय दिसतं तेही बघा. आपल्या लेकरांचा लाडका छोटा भीम लाडू खाल्ला की ताकदवान होतो. मोटू-पतलूमधल्या मोटूचं डोकं समोसा खाल्ल्याशिवाय चालत नाही. हे गमतीचं आहे, आपणही हसतो. पण चार-पाच वर्षांच्या लेकराला गंमत आणि खरं यातला फरक नीट कळत नाही. आवडत्या गड्यानं खाल्लं ते चांगलं, एवढंच त्याला कळतं. अमेरिकेत २०१० मध्ये चार ते सहा वर्षांच्या ४० मुलांना एकच खाऊ दोन पाकिटांत दिला. एका पाकिटावर कार्टूनचं चित्र, दुसऱ्यावर नाही. बरीच मुलं चित्रवालाच खाऊ जास्त चवदार म्हणाली. आत मात्र दोन्हीकडं एकच होतं! गंमत म्हणजे गाजराच्या बाबतीत चित्राची जादू बेताचीच चालली. म्हणजे चित्र लावून बिस्किट खपवणं सोपं आणि गाजर खपवणं अवघड.

अवघड आहे, पण प्रयत्न झाले आहेत. आइसलँड नावाच्या छोट्या देशात मॅग्नस शेविंग या व्यायामपटूनं 'लेझीटाउन' हा कार्यक्रम काढला. २००४ पासून तो टीव्हीवर आला. त्यातला नायक उड्या मारतो, लवकर झोपतो, फळं खातो आणि साखर खाल्ली की आडवा पडतो. अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट'मध्ये एक निळा, झिपऱ्या केसांचा बाहुला आहे, बिस्किटांवर तुटून पडणारा. २००५ मध्ये त्याच्या निमित्तानं मुलांना सांगितलं गेलं, की बिस्किट रोज खायचं नसतं. त्याच घराण्यातला आपल्याकडचा कार्यक्रम म्हणजे 'गली गली सिम सिम'. तो २००६ मध्ये सुरू झाला, नंतर दूरदर्शनवरही दिसला आणि सामुदायिक रेडिओवरूनही ऐकवला गेला. शाळेच्या गणवेशातली चमकी काहीजणींना आठवत असेल. हात धुणं, चांगलं खाणं, शाळेत जाणं हे तिथं उपदेश न करता खेळातून येतं.

पण मैत्रिणींनो, नुसता चांगला कार्यक्रम लावून आपलं काम संपत नाही. लेकराजवळ बसून "बघ, त्यानं पेरू खाल्ला, आपल्याकडंही आहे," असं म्हणणारं कोणीतरी लागतं. आपल्याकडं इथंच अडतं. दसऱ्यानंतर आई-बाप कोयता घेऊन कारखान्याला जातात. काही लेकरं फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात, काही आजीजवळ. थकलेल्या आजीला टीव्ही आणि पाच रुपयांचा पुडा एवढाच आधार असतो. तिला बोल लावण्यात अर्थ नाही. तिला मदत द्यायची, आणि ती गट देऊ शकतो.

आता कायदा काय सांगतो ते ऐका. केंद्र सरकारच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे चिप्स, शीतपेयं अशा पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा फक्त मुलांसाठी असलेल्या वाहिनीवर करायची नाही. अशी जाहिरात दिसली तर वाहिनी, दिवस आणि वेळ लिहून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर कळवा. दुसरा नियम २०२० चा. शाळेत, शाळेच्या वसतिगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ मुलांना विकायचे नाहीत. आपल्या शाळेजवळच्या टपरीवर काय टांगलेलं आहे, ते शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारा. टपरीवाला आपल्याच गावातला असतो, त्याचंही पोट आहे. भांडण नको. फुटाणे, चिक्की, केळी ठेवायला सांगा.

घरी काय करायचं? जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे. दोन वर्षांच्या आतल्या लेकराला पडदा नकोच, टीव्हीचाही नको आणि मोबाइलचाही. दोन ते चार वर्षांच्या लेकराला दिवसात फार तर एक तास. पाच वर्षांपुढच्या मुलामुलींनी रोज तासभर तरी घाम येईल असं खेळायचं. लंगडी, लगोरी, सूरपारंब्या, खो-खो यांना पैसे लागत नाहीत. मुलींनाही हा तास द्या. पाणी भरणं आणि भांडी घासणं म्हणजे खेळ नव्हे.

जेवताना टीव्ही बंद, हा पहिला नियम. एवढा एक पाळला तरी पुष्कळ. पुडा रोज नको, बाजारच्या दिवशी एक, असं ठरवा. शीतपेयाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण १० ग्रॅम साखर असते, म्हणजे छोट्या बाटलीत पाच-सहा चमचे. चहात एवढी साखर आपण घालू का? त्याऐवजी ताक द्या. आपल्या बालाघाटातली सीताफळं, बांधावरची बोरं, पेरू, हुलग्याची उसळ, उकडलेलं अंडं, गूळ-शेंगदाणे हा आपलाच खाऊ आहे. फक्त लहानग्यांना अख्खे शेंगदाणे-फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या.

आणखी दोन गोष्टी. अंगानं जाड लेकराला "मोटू", "ढब्बू" म्हणून चिडवू नका. चिडवल्यानं वजन उतरत नाही. लेकरू लपून खायला लागतं आणि मैदानावर यायला लाजतं. आणि वजन कमी करायला कोणत्याही लेकराला उपाशी ठेवू नका. वजन जास्त वाटो की कमी, अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात वजन-उंची मोजून घ्या.

येत्या बैठकीत एक हिशोब मांडा. एका लेकराला रोज पाचचा पुडा म्हणजे महिन्याला १५० रुपये, दोन लेकरांचे ३००. आपल्या गावातल्या भावानं त्यात किती अंडी, किती शेंगदाणे, किती केळी येतात ते मोजा आणि वहीत लिहा. आणि ज्यांच्या घरी आजी एकटी लेकरं सांभाळते, त्यांच्या लेकरांना संध्याकाळी आळीपाळीनं खेळायला कोण बोलावणार, तेही त्याच बैठकीत ठरवून टाका. तुमचा हिशोब आम्हाला कळवा, पुढच्या भागात तो सगळ्यांना ऐकवू. येतो आम्ही. रामराम.