सांगाडा, इंजिन आणि पाव मैल

ड्रॅगस्टर या गाडीला अंग जवळजवळ नसतेच. नळ्यांचा लांबलचक सांगाडा, मागे दोन अवाढव्य टायर, पुढे तारांच्या आऱ्यांची दोन किडकिडीत चाके आणि मध्ये उघडेबोडके व्ही-८ इंजिन. दार नाही, काच नाही, बॉनेटही नाही. साध्या मोटारीचे प्लॅस्टिक मॉडेल जोडताना बॉनेट बंद केले की आतली निम्मी हयगय खपून जाते. इथे ती पळवाट नाही. प्रत्येक नळी, प्रत्येक वायर, प्रत्येक बोल्टचे डोके चव्हाट्यावर असते. आणि मॉडेल १/१६ किंवा १/८ अशा मोठ्या प्रमाणातले असेल, तर बघणारा भिंगाशिवायही चूक पकडतो.

ही गाडी अमेरिकेची, तिचे मॉडेलही मूळ अमेरिकेचेच. १९५१मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. रस्त्यांवर आणि ओसाड धावपट्ट्यांवर चालणाऱ्या शर्यतींना त्यातून नियम मिळाले. दोन गाड्या, सरळ पट्टी, उभ्या जागेवरून सुरुवात, पाव मैल म्हणजे १,३२० फूट अंतर. जो आधी पोचेल तो जिंकला. १९५४च्या सुमारास मिकी थॉम्प्सन यांनी चालकाला मागच्या आसाच्याही मागे बसवले. वजन मागच्या चाकांवर आले, पकड वाढली. गलोलीत दगड बसावा तसा चालक बसतो, म्हणून या रचनेला ‘स्लिंगशॉट’ म्हणू लागले. पुढची पंधरा-सोळा वर्षे ड्रॅगस्टर म्हणजे स्लिंगशॉट, असेच समीकरण होते.

त्याच काळात किट बनवणाऱ्या कंपन्या भरभराटीला आल्या. मिशिगनमधील ट्रॉय गावची एएमटी ही कंपनी मोटार विक्रेत्यांसाठी १/२५ प्रमाणातली जाहिरातीची मॉडेले बनवत होती. १९५८मध्ये तिने एकाच खोक्यातून तीन प्रकारे जोडता येईल असे किट आणले आणि अमेरिकन पोरांच्या टेबलांवर १/२५ हे माप कायमचे रुजले. कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसची रेव्हेल आणि शिकागो परिसरातली मोनोग्राम या दोघींनी मात्र मोठ्या मापांतही हात घातला. मोनोग्रामची ‘बिग टी’ ही १/८ प्रमाणातली हॉट रॉड साठच्या दशकाच्या सुरुवातीची. सत्तरच्या दशकात रेव्हेलने १/१६ प्रमाणात ड्रॅगस्टर आणि फनी कार, म्हणजे साध्या मोटारीसारखे कवच चढवलेल्या शर्यतीच्या गाड्या, काढल्या. डॉन प्रुडोम आणि टॉम मॅकइवन या चालकांच्या जोडीची तेव्हा प्रचंड चलती होती. ‘स्नेक’ आणि ‘मंगूज’, म्हणजे साप आणि मुंगूस, अशी त्यांची टोपणनावे. १९७०मध्ये मॅटेल कंपनीने हॉट व्हील्सच्या नावाने त्यांना प्रायोजकत्व दिले. प्रुडोमची पिवळी बाराकुडा आणि मॅकइवनची तांबडी डस्टर या फनी कार खेळण्यातही आल्या आणि किटमध्येही.

मोठ्या मापाचा हिशोब साधा आहे. १९७०च्या आसपासच्या स्लिंगशॉटच्या दोन आसांमधले अंतर २०० इंचांच्या पुढे गेले होते. आजच्या ‘टॉप फ्युएल’ या सर्वांत वेगवान वर्गातल्या ड्रॅगस्टरचे ३०० इंच, म्हणजे साडेसात मीटरहून थोडे जास्त असते. १/२५ मध्ये ते साधारण ३० सेंटिमीटर भरते, १/१६ मध्ये ४७ ते ४८ आणि १/८ मध्ये ९५. स्पार्क प्लगची वायर खऱ्या गाडीत ८ मिलिमीटर जाड धरली, तर १/२५ मध्ये ती ०.३ मिलिमीटर होते. ती बसवायला चिमटा आणि श्वास दोन्ही रोखून धरावे लागतात. १/१६ मध्ये अर्धा मिलिमीटर मिळतो आणि काम आवाक्यात येते. १/८ मध्ये पुरता एक मिलिमीटर मिळतो, पण सोबत एक नवी जबाबदारी येते. त्या मापात वायर नुसती असून भागत नाही. ती कुठून निघते आणि कुठे पोचते, हेही बरोबर असावे लागते.

सांगाड्यापासूनच परीक्षा सुरू होते. किटमधला सांगाडा पॉलिस्टायरीनचा असतो, बहुतेकदा डाव्या आणि उजव्या अशा दोन भागांत. साच्याच्या दोन पाळ्या जिथे मिळतात तिथे बारीक रेघ उठते. गोल नळीवर ती राहिली तर नळी नळी वाटत नाही. सुरीची पात आडवी धरून ती खरवडायची, मग ओल्या पॉलिश पेपरने गोलाई परत आणायची. कंटाळवाणे काम आहे, पण अर्धे मॉडेल इथेच घडते. लांब, बारीक भाग खोक्यात पडून वाकडेही होतात. पॉलिस्टायरीन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे कढत पाण्यात बुडवून, सपाट काचेवर दाबून ते सरळ करता येते. चारही चाके एकाच वेळी काचेला टेकली पाहिजेत. सांगाड्यात थोडा जरी पीळ राहिला तरी पुढचे एक चाक हवेत लटकते.

मुरलेले कारागीर प्लॅस्टिकचा सांगाडा बाजूला ठेवून पितळी नळ्यांचा नवा सांगाडा करतात. खऱ्या गाडीत क्रोमोली पोलादाच्या नळ्या असतात. दीड इंचाची नळी १/१६ मध्ये २.४ मिलिमीटर होते. लाकडी फळीवर आराखडा चिकटवायचा, खिळ्यांनी नळ्या जागेवर रोखायच्या आणि सोल्डर करायचे. एक सांधा तापवताना शेजारचा सुटतो, म्हणून आधीच्या सांध्यांवर ओली चिंधी ठेवतात. नळ्या एकमेकींना भिडतात तिथे टोक माशाच्या तोंडासारखे घासून घ्यावे लागते, अगदी खरा वेल्डर घासतो तसे. एवढे कष्ट घ्यायला कारण आहे. प्लॅस्टिकची नळी मजबुतीसाठी जाड ओतावी लागते आणि तिने गाडीचा सगळा सडपातळपणा जातो. पितळ योग्य जाडीत राहूनही वजन पेलते.

खरी मौज इंजिनात आहे.

स्लिंगशॉटच्या सुवर्णकाळात दोन इंजिनांचे राज्य होते: क्रायसलरचे ३९२ घनइंची हेमी आणि १९६४मध्ये आलेले ४२६ हेमी. वरून पाहिले तर दोन्ही सारखीच भासतात. रुंद व्हॉल्व्ह कव्हर, कव्हरच्या मधोमध खाली उतरलेले प्लग. पण ३९२ मध्ये डिस्ट्रिब्युटरची जागा इंजिनाच्या मागच्या टोकाला, तर ४२६ मध्ये पुढच्या टोकाला. शर्यतीत तिथे ठिणगीसाठी वीज पुरवणारा मॅग्नेटो बसतो आणि त्यातून आठ वायरी निघतात. म्हणजे इंजिन कोणते हे ठरल्याशिवाय पहिली वायरही ओवता येत नाही. क्रमही ठरलेला आहे. चालकाच्या डाव्या हाताला १, ३, ५, ७ आणि उजव्या हाताला २, ४, ६, ८ हे सिलिंडर. प्रज्वलनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. या क्रमाने वायरी ओवलेले मॉडेल आणि अंदाजाने ओवलेले मॉडेल यांतला फरक जाणकाराला लगेच कळतो.

इंजिनाच्या डोक्यावर सुपरचार्जर बसतो. ‘६-७१’ हे त्याचे नाव जनरल मोटर्सच्या डिझेल इंजिनावरून आले: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घनइंच. ट्रक-बसच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनात हवा ढकलणारा हा पंप शर्यतवाल्यांनी उचलला आणि दातेरी पट्ट्याने क्रँकला जोडला. त्याच्या वर इंधनाचा इंजेक्टर, हवा गिळणाऱ्या रुंद तोंडाचा. किटमध्ये हे तोंड बहुतेकदा बंद ओतलेले असते. ते कोरून आतल्या झडपा दाखवल्या की इंजिनात जीव येतो.

इंधनाच्या नळ्या इतक्या जाड का, हा प्रश्न नवख्याला हमखास पडतो. उत्तर रसायनात आहे. या गाड्यांचे इंधन, नायट्रोमिथेन, आपला काही प्राणवायू स्वतःच सोबत घेऊन येते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, नायट्रोला फक्त १.७. त्यामुळे तेवढ्याच हवेत कितीतरी पट इंधन ओतता येते आणि पंप, नळ्या, टाकीचा मार्ग सगळेच त्या मानाने थोराड होतात. हे माहीत असणारा कारागीर इंधनाची नळी प्लगच्या वायरीपेक्षा जाड घेतो. या इंधनाचा धाक इतका होता की १९५७मध्ये असोसिएशनने ते आपल्या शर्यतींतून हद्दपार केले; १९६३च्या सुमारास ते परत आले.

एक्झॉस्टच्या नळ्या वर आणि मागे वळलेल्या असतात. त्यांना ‘झूमी’ म्हणतात. वायूचा झोत टायरवरचा धूर आणि कचरा उडवतो, शिवाय गाडीला थोडे खाली दाबतो. मॉडेलमध्ये त्यांची टोके पिन-व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, आतून पोकळ करणे हे पहिले काम. किटमधला क्रोम मात्र अनेकदा घात करतो. लॅकरच्या थरावर निर्वात दाबाखाली चढवलेला हा ॲल्युमिनियमचा मुलामा आरशासारखा चकाकतो, तर बऱ्याच शर्यती धावलेल्या झूमीवर तांबूस-निळसर भाजलेली छटा असते. कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये भाग बुडवला की मुलामा उतरतो. मग धातूचा रंग, वर पारदर्शक निळ्या-तपकिरी रंगाचे पुसट थर. क्रोम ठेवायचाच असेल, तर निदान चिकटवायच्या जागी तो खरवडावा लागतो, कारण पॉलिस्टायरीनला वितळवून सांधणारा द्राव मुलाम्यावर काही करत नाही.

या सगळ्यामागे एक निवड आधीच करून ठेवावी लागते: मॉडेल कोणत्या गाडीचे आणि कोणत्या दिवसाचे? ड्रॅगस्टरचालक डॉन गार्लिट्स यांचे उदाहरण घ्यावे. फ्लोरिडातल्या टॅम्पाचे गार्लिट्स आपल्या गाड्यांना ‘स्वॅम्प रॅट’ म्हणत आणि पुढे रोमन आकडा लावत. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स पट्टीवर स्वॅम्प रॅट १३ चा गिअरबॉक्स फुटला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. मांड्यांमध्ये फिरणारे यंत्र घेऊन बसण्याची स्लिंगशॉटची रचनाच याला कारण होती. बरे होताना त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेण्याचे ठरवले. मागे इंजिन असलेल्या गाड्या आधीही कुणी कुणी केल्या होत्या, पण त्या सरळ धावत नसत. गार्लिट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टिअरिंग मंद केले आणि गाडी ताब्यात आली. फेब्रुवारी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्स या शर्यतीत स्वॅम्प रॅट १४ जिंकली. काही वर्षांत स्लिंगशॉट शर्यतीतून जवळपास नाहीसा झाला.

आता हीच गाडी टेबलावर आणताना तपशील ठरतात. पोमोनाच्या वेळी तिच्यावर मागचा मोठा पंख नव्हता. तो त्याच वर्षी नंतर चढला. पंख लावलेले मॉडेल करून खाली ‘पोमोना’ अशी पाटी लावली, तर बाकीचे शेकडो तास वाया जातात. म्हणूनच जुने फोटो हे या छंदाचे खरे साहित्य आहे. प्रत्यक्ष गाड्याही पाहता येतात. गार्लिट्स यांचे संग्रहालय फ्लोरिडातल्या ओकाला इथे आहे आणि १९८६ची बंद कॉकपिटची स्वॅम्प रॅट ३० वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये.

रंगकामाबद्दल थोडक्यात. साठच्या दशकातली ‘कँडी’ झळाळी चंदेरी पायावर पारदर्शक रंगाचे पातळ थर देऊन मिळते. थरांची संख्या प्रत्येक भागावर सारखी हवी, नाहीतर नाकाड एका छटेचे आणि शेपूट दुसऱ्या. मुंबई-कोकणातल्या कारागिराला यात एक जादा शत्रू आहे: पावसाळा. दमट हवेत लॅकर फवारले की त्यावर पांढुरकी साय धरते. जून ते सप्टेंबर सांगाडा आणि वायरिंग, रंग दिवाळीनंतर, हे वेळापत्रक इथे शहाणपणाचे. इथल्या कारागिराला ड्रॅग शर्यतीची झलक लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर मिळाली आहे, पण तिथे धावतात त्या रस्त्यावरच्या मोटारी आणि मोटारसायकली. नायट्रोवरचा लांब सांगाडा पाहायचा तर फोटो आणि चित्रफितींवरच भिस्त.

टायरकडे मात्र नीट लक्ष द्यावे. ड्रॅगस्टरच्या मागच्या टायरवर नक्षी नसते. सगळा रुंद, गुळगुळीत रबर. किटमधला टायर नवा आणि तुकतुकीत दिसतो. जमिनीला टेकणारा पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासून मंद केला की तो ताबडतोब पट्टीवरचा वाटतो. मऊ व्हिनाइलच्या जुन्या टायरांचा एक छुपा दोष आहे. त्यांतले मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि पॉलिस्टायरीनचे रिम वितळवते. रिम आणि टायर यांच्यामध्ये धातूच्या पन्नीची पातळ पट्टी घातली तर मॉडेल वाचते.

मोठ्या मापाचे जुने किट विकत घेताना तपासणीही ठरावीक क्रमाने करावी. आधी टायर: ते इतर भागांना चिकटून पडले असतील तर तिथे खड्डे पडलेले असणार. मग सांगाड्याचे दोन्ही भाग शेजारी ठेवून पीळ पाहावा. मग डेकल, म्हणजे पाण्यात सोडून मॉडेलवर चिकटवायची अक्षरे आणि चित्रे. कागद पिवळा पडला असेल तर तो पारदर्शक पिशवीत बंद करून उन्हाच्या खिडकीला चिकटवावा. काही दिवसांत पिवळेपणा बराच उतरतो. पाण्यात सोडण्यापूर्वी एक बिनमहत्त्वाचे अक्षर कापून तपासावे. ते पाण्यात फुटले, तर उरलेल्या कागदावर आधी पारदर्शक लॅकरचा थर द्यावा लागतो. इंजिनाचे सुटे भाग हरवले असले तरी घाबरायचे कारण नाही. हेमीचे हेड, मॅग्नेटो, सुपरचार्जर आता रेझिनमध्ये ओतलेले आणि थ्रीडी प्रिंटरवर छापलेलेही मिळतात, आणि जुन्या साच्यांपेक्षा त्यांवरचे बोल्ट कितीतरी टोकदार असतात.