शब्द बदलावा, अर्थ ढळू नये
(नाथषष्ठीनिमित्त)

फाल्गुन वद्य षष्ठी ही शांतिब्रह्म श्रीएकनाथ महाराजांची पुण्यतिथी. शके १५२१ मध्ये याच तिथीस नाथांनी पैठण क्षेत्री गोदामाईच्या पात्रात देह ठेवला. देववाणीतील ग्रंथार्थ सामान्य जनांच्या पदरी कसा घालावा, याचा वस्तुपाठ त्यांनी आपणांस घालून दिला आहे.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाचे अध्याय ३१. त्यावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणात झाले. भागवत प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी आधी आक्षेप घेतला आणि ग्रंथ ऐकल्यावर त्याचाच गौरव केला, असे परंपरा सांगते. शके १४९५ च्या (इ. स. १५७३) कार्तिकी पौर्णिमेस ही टीका काशीतच पूर्ण झाली. मुळातले श्लोक दीड हजाराच्या आत आणि नाथांच्या ओव्या अठरा हजारांहून अधिक! हा विस्तार कशासाठी? श्लोक सूत्ररूप असतो; ज्याला व्याकरण नाही, शास्त्र नाही, त्या श्रोत्यासाठी ते सूत्र उकलावे लागते.

केवळ शब्दास शब्द ठेवून अर्थ हाती येत नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 'प्रसाद' शब्द येतो. आपल्या घरी प्रसाद म्हणताच तळहातावरचा शिरा आठवतो. तेथे मात्र अर्थ आहे चित्ताची प्रसन्नता, निर्मळपणा. भाषांतरकाराने तो शब्द तसाच ठेवला, तर वाचकाला शब्द मिळेल, अर्थ मिळणार नाही.

परंतु अर्थ उकलणे म्हणजे पदरचे घुसडणे नव्हे. ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले होते. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) नाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी स्वतःची ओवी घालू नये, असे बजावले. स्वतः सिद्धहस्त ओवीकार असूनही दुसऱ्याच्या ग्रंथात त्यांनी हा संयम पाळला.

आज साडेचार शतकांनंतर नाथांची ओवीच तरुणांना अवघड वाटते. 'सोप्या गद्यात द्या,' असे ते म्हणतात आणि काही वडीलधाऱ्यांना तो ग्रंथाचा अवमान वाटतो. हा आक्षेप काशीतच निकालात निघाला आहे. गद्य अवश्य करावे. मात्र मूळ ओवी शेजारी असावी. ग्रंथकाराचा अर्थ कोणता आणि भाषांतरकाराचे मत कोणते, हे वाचकास स्पष्ट कळावे. आणि जेथे अर्थ गहन आहे, तेथे तो सोपा असल्याचा आव आणू नये. कीर्तनातही आम्ही आधी मूळ पद म्हणतो, मगच निरूपण करतो.

भाविकहो, या षष्ठीस घरात नाथभागवताची एक तरी ओवी मोठ्याने वाचावी आणि तिचा अर्थ मुलांना आपल्या नित्याच्या बोलीत सांगावा. सांगताना जेथे अडखळाल, ती जागा जाणत्यास विचारावी. मुलांनीही प्रश्न केला, तर त्यांना गप्प बसवू नये.