फायबर सडत नाही, मग जुनी शिडाची बोट दगा कुठे देते?



जुनी शिडाची बोट विकत घ्यायला गेलात, की विकणारा एक वाक्य हमखास ऐकवतो. "अहो, फायबरची आहे, सडत नाही." हे वाक्य खोटं नाही, पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे आजचं आपलं व्याख्यान.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेत 1959 साली पीअरसन कंपनीने ट्रायटन नावाची साधारण साडेअठ्ठावीस फुटांची बोट बाजारात आणली. आराखडा कार्ल अल्बर्ग यांचा. पुढच्या काही वर्षांत अशा सातशेहून अधिक बोटी बनल्या. त्यांतल्या कित्येक आजही पाण्यावर आहेत, म्हणजे बोट साठी ओलांडूनही धडधाकट! त्या काळी लोकांना शंका होती की ही काच आणि चिकट रेझिन दहा वर्षं तरी टिकेल का. टिकली. पण याच ट्रायटनच्या मालकांना विचारा की त्रास कशाचा झाला. बरेच जण बोटीच्या पोटाचं नाव घेणार नाहीत. ते सांगतील, डेक आतून कुजला.

आता तुम्ही म्हणाल, फायबर सडत नाही ना, मग डेक कुजला कसा? तेच आज समजून घ्यायचं आहे. फायबरची बोट नुसत्या फायबरची कधीच नसते. तिच्यात लाकूड असतं, स्टील असतं, पितळ असतं, शिसं किंवा लोखंड असतं. कवच टिकतं. जिथे कवचाला भोक पाडून दुसरी वस्तू बसवली आहे, तिथे बोट म्हातारी होते. आपल्याकडे तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करतात. तिथे अभियंता रंग बघत नाही, काँक्रीटच्या आतली सळई गंजली आहे का ते बघतो. बोटीचंही तसंच.

आधी कवच बघू, कारण सगळ्यात जास्त घाबरवलं जातं ते त्यावरूनच.

बोट पाण्याबाहेर काढली की पोटावर कधी कधी फोड दिसतात. याला ऑस्मोसिस म्हणतात. मनुका पाण्यात टाकली की फुगते, बरोबर? तेच इथे घडतं. पॉलिएस्टर रेझिन शंभर टक्के जलरोधक नसतं. वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की जेलकोटमधून, म्हणजे बाहेरच्या गुळगुळीत थरातून, थोडं थोडं पाणी आत झिरपतं. आतले काही रासायनिक अवशेष त्यात विरघळतात, दाट द्रव तयार होतो आणि तो बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो. म्हणूनच समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हे फोड जास्त येतात आणि कोमट पाण्यात लवकर येतात. फोड फोडला तर आंबूस वासाचा, बोटांना तेलकट लागणारा द्रव बाहेर येतो. तो दाबाखाली असतो, डोळ्यांत उडू शकतो. तेव्हा चष्मा लावल्याशिवाय हे उद्योग करू नका.

पण एक लक्षात ठेवा. अशा फोडांनी बोट बुडाली, असं सहसा होत नाही. थोडे फोड असतील तर ते उघडायचे, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, पूर्ण वाळू द्यायचे आणि इपॉक्सीने भरायचे. वाळायला आठवडे नाही, कधी कधी महिने लागतात. घाईत ओलाव्यावरच इपॉक्सी थापलं, तर पुढच्या हंगामात फोड परत हजर. फोडांचं प्रमाण खूप असेल, थर एकमेकांपासून सुटले असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे सर्व्हेअर हवाच.

भेगाही वाचता यायला हव्यात. जेलकोटवर कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक जाळं असेल तर बहुतेक वेळा ते वरवरचं वय असतं. एका बिंदूतून चांदणीसारख्या भेगा फुटल्या असतील तर तिथे कधीतरी काहीतरी आदळलं आहे. आणि एखाद्या कोपऱ्यात समांतर भेगा असतील तर तो भाग प्रत्येक लाटेला वाकतो आहे. पहिली खूण डोळ्यांना खुपते, पण तिसरी महागात पडते.

आता डेककडे येऊ. डेक बहुधा सँडविचचा असतो. खाली-वर फायबरचे पातळ थर आणि मध्ये हलका गाभा, बऱ्याचदा बाल्सा नावाचं लाकूड. असं का करतात? पत्र्याची जाडी दुप्पट केली तर त्याचा वाकण्याला विरोध दुप्पट होत नाही, आठपट होतो. म्हणून वजन न वाढवता जाडी वाढवायची. पद्धत उत्तम आहे. ती हलक्या प्रतीची आहे असं समजू नका. आपल्या नौदलाची 'म्हादेई' गोव्यात बांधली गेली, तीही लाकडाचा गाभा आणि त्यावर फायबरचं कवच अशीच. तिच्यावरून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. तेव्हा दोष सँडविचचा नसतो. दोष असतो स्क्रूच्या भोकाचा.

डेकवर कठडे असतात, कप्प्या असतात, दोर बांधायचे खुंटे असतात. प्रत्येकाला चार-चार बोल्ट. प्रत्येक बोल्टभोवती थोडं सीलंट. ते सीलंट वीस वर्षांत कडक होतं आणि सुटतं. मग पाणी थेट बाल्सात. वरून डेक चकाचक, पॉलिश केलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा! (हशा)

हे शोधायचं कसं? माठ घेताना आपण काय करतो? टिचकी मारतो. बसवलेली फरशी पोकळ आहे का हे गवंडी कसं ओळखतो? ठोकून. इथेही तेच. प्लास्टिकच्या डोक्याची छोटी हातोडी घ्या आणि डेकवर तळहाताएवढ्या अंतराने ठोकत जा. खणखणीत 'टक' आला तर ठीक. 'ठप्प' असा मेलेला आवाज आला, की तिथे खडूने खूण करा. तासाभरात डेकवर नकाशा तयार होतो. खुणा एखाद्या खुंट्याभोवती वितभर असतील तर दुरुस्ती आवाक्यात आहे. अर्धा डेक खडूने पांढरा झाला, तर किंमत कितीही कमी सांगोत, हात जोडून परत या.

आणि गच्चीची गळती आठवा. पाणी टपकतं एका खोलीत, मुरतं दुसरीकडे. बोटीतही केबिनमध्ये डाग दिसतो त्याच्या बरोबर वर भोक असेलच असं नाही.

ज्यांच्याकडे बोट आहे त्यांच्यासाठी कायमचा उपाय सांगतो. बोल्ट काढा, भोक मोठं करा, आजूबाजूचा गाभा बोटभर कोरून काढा, ती पोकळी दाट इपॉक्सीने भरा. घट्ट झालं की त्याच्या मधोमध बोल्टचं भोक पाडा. आता पुढे सीलंट सुटलं तरी पाणी इपॉक्सीलाच लागेल, लाकडाला नाही. एका बोल्टला अर्धा तास काम. कंटाळवाणं आहे, पण डेक वाचतो.

तिसरी गोष्ट, डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा आणि त्या ज्या पट्ट्यांना अडकवतात त्या चेनप्लेट. सगळं स्टेनलेस स्टील. आपल्याला वाटतं, याला गंज नाही. पण या स्टीलच्या पृष्ठभागावर एक अदृश्य थर असतो, तो त्याचं रक्षण करतो आणि त्या थराला ऑक्सिजन लागतो. चेनप्लेट डेकमधून खाली जाते तिथे ती ओल्या लाकडात किंवा ओल्या सीलंटमध्ये दाबली जाते. पाणी आहे, मीठ आहे, हवा नाही. तिथे स्टील आतल्या आत कुरतडलं जातं. वर आणि खाली चकचकीत, मधला इंचभर भाग पोखरलेला. एक दिवस जोराच्या वाऱ्यात ती तिथेच तुटते आणि डोलकाठी आडवी होते. खाली माणसं बसलेली असतात हे विसरू नका.

म्हणून चेनप्लेट जागेवर बघून समाधान मानू नका. बाहेर काढा, घासा, भिंगाने बघा. तारांवर हात फिरवू नका, तुटलेला तंतू बोटात घुसतो. कापसाचा बोळा फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे तंतू तुटला आहे. एक जरी तुटला असेल तरी ती तार बदलायची. अनेक विमा कंपन्या दहा ते पंधरा वर्षांनी सगळ्या तारा बदलायला सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

चौथी गोष्ट, पाण्याखालची भोकं. इंजिन थंड करायला पाणी आत घ्यावं लागतं, बेसिनचं पाणी बाहेर सोडावं लागतं. त्या प्रत्येक भोकावर एक झडप असते, सीकॉक. एक साधं गणित करू. पाण्याखाली दोन फुटांवर दीड इंचाचं भोक उघडं पडलं, तर मिनिटाला दीडशे ते दोनशे लिटर पाणी आत येतं. म्हणजे मिनिटाला एक मोठं पिंप. हाताच्या पंपाने ते उपसणं माणसाच्या आवाक्यातलं नाही.

सीकॉक कांस्याचा असेल तर दीर्घकाळ टिकतो. साध्या पितळेचा असेल तर खारं पाणी त्यातलं जस्त काढून नेतं, मागे ठिसूळ तांबं उरतं. बोट काठावर असताना पृष्ठभाग थोडा खरवडा. पिवळा दिसण्याऐवजी गुलाबी दिसला तर तो बदला. हातोडीने हलकंसं ठोकूनही बघतात, पण काठावर असतानाच, पाण्यात नव्हे! प्रत्येक सीकॉकचा दांडा फिरतो का, पाइपाला क्लॅम्प ठीक आहेत का, बघा. आणि प्रत्येक सीकॉकशेजारी त्या मापाची लाकडी निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवा. काही रुपयांची वस्तू आहे, अंधारात शोधावी लागू नये एवढंच.

शेवटची गोष्ट, कील. बोटीच्या पोटाखालचं ते जड पातं, जे बोटीला उलटू देत नाही. बऱ्याच बोटींत ते बोल्टने लटकवलेलं असतं. मे 2014 मध्ये 'चीकी राफिकी' ही बोट अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला जाताना अटलांटिकमध्ये कील गमावून उलटली. चौघेही दगावले. बोट तर दहा वर्षांचीही नव्हती. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास यंत्रणेच्या अहवालाने एका शक्यतेकडे बोट दाखवलं. बोट पूर्वी तळाला घासली होती, दुरुस्त्याही झाल्या होत्या आणि या सगळ्याने पोटातला आतला सांगाडा कवचापासून सुटत गेला असावा.

यातून धडा काय? विकणाऱ्याला वय विचाराल तेव्हा दुसरा प्रश्नही विचारा, "ही कधी तळाला लागली होती का?" मग बाहेरून कील आणि पोट यांच्या सांध्याची पुढची बाजू बघा. तिथे हसल्यासारखी भेग उघडली असेल तर बोल्ट सैल किंवा गंजलेले असू शकतात. आत जाऊन फळ्या उचला आणि कीलच्या मागच्या टोकापाशी आडव्या पट्ट्या कवचापासून सुटल्या आहेत का ते बघा, कारण आपटल्यावर कीलचं मागचं टोक वर दाबलं जातं.

आता आपल्याकडचं. मुंबईत पावसाळ्यात बहुतेक छोट्या शिडाच्या बोटी काठावर येतात. तो काळ नुसता रंगकामाचा समजू नका. मी क्रम सांगतो. आधी सीकॉक, मग कील आणि सुकाणू, मग चेनप्लेट आणि तारा, मग डेकचे बोल्ट, मग फोड. पॉलिश सगळ्यात शेवटी. बहुतेकांचा खर्च बरोबर उलट क्रमाने होतो, कारण पॉलिश धक्क्यावरून दिसतं आणि सीकॉक दिसत नाही.

एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. "मग चाळीस वर्षांची बोट घ्यावी की नाही?" अवश्य घ्यावी, मंडळी. चाळीस वर्षांचं चांगलं कवच अजून चाळीस वर्षं चालू शकतं. फक्त बोटीची किंमत आणि बोल्ट, झडपा, तारांची किंमत वेगवेगळी मोजा. दोन्हींची बेरीज खिशाला झेपत असेल तर घ्या. नसेल, तर स्वस्त मिळतेय म्हणून घेऊ नका, कारण त्या बोटीत तुम्ही एकटे जाणार नाही, घरच्यांना घेऊन जाणार आहात.