संप्रेरकांची भरती-ओहोटी

रक्तातील कॉर्टिसॉलच्या तपासणीसाठी सकाळी आठच्या सुमारास बोलावले की अनेक रुग्णांना वेळेचा हा आग्रह अनाठायी वाटतो. मात्र, त्यामागे ठोस शास्त्रीय कारण आहे. अनेक संप्रेरकांचे प्रमाण दिवसभर सारखे राहत नाही. समुद्राप्रमाणे त्यांनाही भरती-ओहोटी असते.

मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढू लागते, जाग येण्याच्या सुमारास सर्वोच्च पातळी गाठते आणि मध्यरात्रीच्या आसपास नीचांकावर येते. त्यामुळे सकाळी सामान्य ठरणारा आकडा मध्यरात्री आजाराची सूचना देऊ शकतो. 'कुशिंग सिंड्रोम'मध्ये रात्रीची ही घसरणच नाहीशी होते. म्हणूनच त्याच्या निदानासाठी रात्री उशिरा लाळेचा नमुना घेतला जातो.

मेलाटोनिनचा क्रम नेमका उलट. येल विद्यापीठातील आरॉन लर्नर यांनी १९५८ मध्ये हे संप्रेरक वेगळे केले. मेंदूतील पिनिअल ग्रंथी अंधार पडल्यावर ते स्रवते व मध्यरात्रीनंतर त्याचे प्रमाण शिगेला पोहोचते. ते रक्ताप्रमाणेच मेंदू व मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातही उतरते. ही ग्रंथी मेंदूतील तिसऱ्या पोकळीला लागून असल्याने तेथील द्रवात मेलाटोनिनची पातळी रक्तापेक्षा कितीतरी जास्त असल्याचे मेंढ्यांवरील प्रयोगांत दिसून आले.

या साऱ्याचे नियंत्रण हायपोथॅलॅमसमधील सुमारे २० हजार चेतापेशींच्या पुंजक्याकडे असते. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून हे घड्याळ रोज जुळवले जाते. पेशींतील अशा घड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणारे जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश व मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रात्रपाळीत हेच घड्याळ बिघडते. रात्रीच्या प्रखर प्रकाशाने मेलाटोनिन दबते आणि दिवसा झोप घेतली, तरी कॉर्टिसॉलची लय सहजासहजी बदलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराची लय बिघडवणाऱ्या पाळ्यांचा समावेश 'संभाव्य कर्ककारक' गटात केला. २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत हेच वर्गीकरण कायम ठेवले.

मुंबई-पुण्यातील कॉल सेंटर, रुग्णालये वा कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यांनी संप्रेरकांच्या तपासणीपूर्वी आपल्या झोपेच्या वेळा डॉक्टरांना सांगणे म्हणूनच हिताचे. अहवालातील आकड्याइतकीच नमुना घेतल्याची वेळही महत्त्वाची असते.