एसटीपलीकडचे आबा

जून २०२२मध्ये सांगोल्याच्या आमदारांनी गुवाहाटीच्या हॉटेलातून कार्यकर्त्याला फोन केला आणि तो अख्ख्या महाराष्ट्राने ऐकला. झाडी, डोंगार आणि हाटील यांवर गाणी निघाली. याच मतदारसंघातून अकरा वेळा निवडून गेलेले गणपतराव देशमुख, म्हणजे आबा, जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं; ३० जुलै २०२१ला ते सोलापुरात वारले होते. तेव्हापासून दर जुलैत लेख येतात. एसटीने फिरणारा आमदार, साधा माणूस, असे आता होणे नाही. मला या कौतुकाचा आताशा राग येतो. माणसाला साधेपणात गुंडाळलं की त्याच्या मागण्यांची उत्तरं द्यावी लागत नाहीत.

१९६२पासूनची पहिली तीस वर्षं भराभर सांगून टाकतो. शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) लाल बावटा, विरोधी बाक, १९७२चा पराभव, दोन वर्षांनी पोटनिवडणुकीत पुन्हा विजय, १९७८मध्ये पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात मंत्रिपद. हे सगळं गौरव-अंकांतून छापून झालेलं आहे.

खरी गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा सोलापूर जिल्ह्यात वार्ताहरकी करत होतो. १९९३ला नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकाराने आटपाडीत पाणी परिषद सुरू झाली. सांगली, सातारा, सोलापूरमधले तेरा दुष्काळी तालुके एका मांडवाखाली आले. अण्णा, आबा आणि भारत पाटणकर एका व्यासपीठावर. मागणी नुसती 'पाणी द्या' एवढीच नव्हती, पाणी समन्यायी वाटा अशी होती. कृष्णाकाठच्या उसाने रानं भिजवायची आणि माण नदीच्या कोरड्या पात्रात पोरांनी क्रिकेट खेळायचं, याचा हिशेब त्यात होता. मी बातमी पाठवली की मुंबईहून निरोप यायचा, जिल्ह्याच्या पानावर लावा. हेच मुंबईवाले पुढे आबांच्या धोतराचे फोटो पहिल्या पानावर छापत होते.

आणि नेमकं १९९५ला सांगोल्याने आबांना पाडलं. १९२ मतांनी. पाडणारे काँग्रेसचे शहाजीबापू पाटील, म्हणजे पुढचे गुवाहाटीवाले. त्या वेळी त्यांचा फोन कोणी ऐकला नव्हता इतकंच.

या पराभवाची किंमत कोणी मोजली नाही. बच्छावत लवादाने महाराष्ट्राला दिलेलं कृष्णेचं पाणी २०००पर्यंत वापरात आणायची घाई होती. १९९६ला युती सरकारने कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं, रोखे विकून पैसा उभा केला. योजना इतक्या ठिकाणी सुरू झाल्या की पैसा सगळीकडे थोडा थोडा सांडला. टेंभू उपसा सिंचन योजनेचं काम मग वर्षानुवर्षं रेंगाळलं. कोणत्या तालुक्याला किती आणि कोणाच्या शेतात, हे सभागृहात खोदून विचारणारा माणूस त्या चार वर्षांत बाहेर होता. परिषदा होत राहिल्या, आबा मांडवात बसत राहिले. पण मांडवातलं भाषण आणि सभागृहातला प्रश्न यांत फरक असतो, सरकारला दुसऱ्याचंच उत्तर द्यावं लागतं.

१९९९ला ते पुन्हा निवडून आले आणि विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात गेले. आयुष्यभर ज्या काँग्रेसशी भांडले तिच्या सरकारात. माझं मत तेव्हाही हेच होतं की त्यांनी जायला नको होतं, विरोधी बाकावरचे आबा अधिक उपयोगाचे होते. २००२ला शेकापने रायगडच्या भांडणावरून पाठिंबा काढला. सांगोल्याच्या पाण्यावरून नव्हे, हेही लिहून ठेवावं लागेल.

पुढचे विक्रमाचे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. २०१९ला आबांनी निवडणूक सोडली, नातू उभा राहिला आणि शहाजीबापूंकडूनच ७६८ मतांनी हरला. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब जिंकले. घराणेशाहीवर मी वर्षानुवर्षं लिहीत आलो, आणि इथे मात्र तो निकाल ऐकून बरं वाटलं, हे कबूल करताना जीभ अडखळते. पण अख्ख्या विधानसभेत शेकापचा आमदार आता तेवढाच एक उरलाय. रायगडमध्ये, जिथे हा पक्ष एके काळी सरकारं हलवायचा, तिथे एकही नाही.