नवे ब्रेक कां किंचाळतात?



अडतीस वर्षें ज्याचें पोट खडूवर भरलें त्या शिक्षकानें मोटारीच्या ब्रेकवर बोलावें, हें आपणांस थोडें विचित्र वाटेल. पण ब्रेकच्या किंचाळण्याचें मूळ मला उमगलें तें खडूमुळेंच. फळ्यावर लिहितां लिहितां खडू एकाएकीं असा किंचाळतो, कीं साऱ्या वर्गाच्या अंगावर कांटा उभा राहतो. त्यावर प्रत्येक मास्तराला ठाऊक असलेला उपाय म्हणजे खडू मोडून अर्धा करणें, किंवा त्याचा कल बदलणें. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, निसटतो, पुन्हां चिकटतो. सारंगीचा गज तारेला असाच धरतो आणि सोडतो. या धरसोडीनें खडू थरथरतो आणि ती थरथर आपल्या कानीं पडते. तो आंखूड केला कीं त्याच्या थरथरण्याची तऱ्हाच पालटते.

आतां खडूच्या जागीं ब्रेकचा पॅड घ्या आणि फळ्याच्या जागीं चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी, म्हणजे डिस्क. कॅलिपर नांवाचा चिमटा दोन पॅड तिच्या दोन्ही अंगांस दाबतो. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकांतील षड्ज सेकंदाला सुमारें २५० कंपनांचा असतो. ब्रेकचा चीत्कार १,००० च्या वर, कधीं कधीं १०,००० च्याही वर जातो. अडचण अशी, कीं घर्षणच घालविलें तर ब्रेकही गेला. घर्षण ठेवावयाचें आणि थरथर तेवढी घालवावयाची, असें हें नाजूक काम आहे.

गेल्या वर्षीं पावसाळा सरल्यावर माझ्या पुतण्यानें आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांचे पॅड आणि डिस्क दोन्ही नवीं बसवून घेतलीं. माझ्या पत्नीस आठवड्यांतून दोनदां परळच्या इस्पितळांत न्यावें लागे, म्हणून हा खर्च त्यानें हात न आंखडतां केला. आठ दिवसांत गाडी अशी किंचाळूं लागली, कीं गिरगांवांतल्या आमच्या गल्लींत ती पहांटे शिरली म्हणजे माडीवरच्या खिडक्या उघडत. ज्या गॅरेजमध्यें काम झालें होतें तेथें "चालवत राहा, बसेल आवाज" एवढेंच उत्तर मिळालें. आवाज बसला नाहीं. उलट, लालबागच्या उड्डाणपुलावरून उतरतांना ब्रेक दाबला कीं गाडी डावीकडे ओढ घेऊं लागली. माझी पत्नी दाराची मूठ घट्ट धरून बसे.

ही तक्रार डिस्क ब्रेकइतकीच जुनी आहे. इंग्लंडांत फ्रेडरिक लँचेस्टर यांनीं १९०२ सालीं अशा ब्रेकचें पेटंट घेतलें. त्यांचे पॅड तांब्याचे होते आणि ते धातूवर घासतांना कानठळ्या बसत. पुढें हर्बर्ट फ्रूड यांनीं अ‍ॅस्बेस्टॉसचें अस्तर वापरलें, तेव्हां आवाज पुष्कळ निवला. त्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांस घातक असल्याचें मागाहून कळलें. कोणत्याही ब्रेकमधली धूळ तोंडानें फुंकूं नये किंवा हवेच्या नळीनें उडवूं नये, ती ओली करून पुसावी, असें म्हणतात तें यासाठींच.

आमच्या मुंबईच्या कानांना तर हा आवाज मुळींच परका नाहीं. काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या चाकांत डिस्क नव्हती, ड्रम होता. त्यांतली शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओंत २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली, आणि २० वर्षांची मुदत संपतांच ३० ऑक्टोबर २०२३ पासून त्या रस्त्यावरून गेल्या. ड्रम उघडून लायनर पॉलिश पेपरनें घासणें हें त्यांचें घरगुती औषध. टॅक्सी गेल्या, सवय राहिली. डिस्कच्या गाडीचेही पॅड घासावयाचे, कानशीनें कडा तासावयाच्या, आणि चाक बंद करावयाचें! कडा तासल्यानें आवाज कमी होतो हें खरें. पण मूळ दोष दुसरीकडे असला, तर चार दिवसांनीं पुन्हां तेंच.

आमचा दोष शोधला तो लालबागच्या एका वृद्ध मिस्त्रीनें. गाडी फिरवून आणल्याबरोबर त्यानें चाकांना स्पर्श न करतां नुसता जवळ हात नेला. उजवें चाक डाव्याहून फारच तापलें होतें. चाक काढून पाहिल्यावर तो म्हणाला, "मास्तर, पाहुणे नवे आणले, पण घर झाडायचं राहिलं."

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांतील एक, रबरी टोपण फाटल्यामुळें, गंजून घट्ट बसली होती. हिंदमाताच्या तुंबलेल्या पाण्यांतून गाडी दोन-तीनदां काढलेली. नवल तें काय? अशा वेळीं पिस्टनच्या बाजूचा आंतला पॅडच काय तो काम करतो आणि बाहेरचा नांवाला उभा राहतो. दोन महिन्यांत आंतला निम्मा झिजला होता, बाहेरचा जवळजवळ कोरा. ब्रेक सोडला तरी पुरता सुटत नसे, म्हणून चाक तापे. दाबला तर पकड अपुरी, म्हणून गाडी निरोगी डाव्या चाकाकडे ओढली जाई. आणखी महिना-दोन महिने आम्ही कानांत बोळे घालून बसलों असतों, तर त्या पॅडचें पाठीचें लोखंडी पान तेवढें उरलें असतें.

शिवाय पॅडचे कान ज्या खांचांत बसतात तेथें गंजाचा पापुद्रा तसाच होता. पॅडच्या पाठीशीं बसणारी पातळ शिम नव्या खोक्यांतच राहून गेली होती. डग्ग्यावर तळहात ठेवला म्हणजे नाद जसा विरतो, तसें ती शिम थरथर गिळते. कांहीं पॅडना झिजेची सूचना देणारी पत्र्याची जीभ असते. ती वांकली किंवा पॅड उलट्या बाजूस बसला, तर नवा पॅडही झिजल्यासारखा ओरडतो.

मिस्त्रीनें पिन आणि रबर बदललें, खांचा तारेच्या ब्रशनें घासल्या, हबवरचा गंज काढला, आणि पॅडची नवी जोडी घातली. हें चालू असतां कॅलिपर त्यानें तारेनें वर बांधून ठेवला. तेलाच्या नळीला तो लोंबकळत सोडूं नये. गाडीही नुसत्या जॅकवर नव्हती, खालीं भक्कम ठोकळे होते. डिस्क ब्रेक क्लीनरनें पुसली. रॉकेलनें धुण्याची आपल्याकडे फार हौस. पण रॉकेल मागें तेलकट थर ठेवतें. पिनांना व पॅडच्या कानांना ब्रेकसाठींच मिळणारें, उष्णता सोसणारें सिलिकॉन ग्रीस लावलें, तेंही नखावर मावेल एवढें. बेअरिंगचें साधें ग्रीस तापून पातळ होतें आणि त्यानें रबर फुगतें. पॅडच्या तोंडाला ग्रीसचा थेंबही लागतां कामा नये, हें सांगावयास नको.

मग राहिली ती गोष्ट, जी या शहरांत सहसा कोणी करीत नाहीं. नव्या पॅडचा एक पातळ, सारखा थर डिस्कवर बसावा लागतो, आणि त्याला ऊब लागते. गणपतींत लालबागहून मुंगीच्या पावलांनीं जाणाऱ्या गाडीला ती मिळत नाहीं. पॅड नुसते गुळगुळीत होतात आणि किंचाळतात. म्हणून एका रविवारीं पहांटे पुतण्या बॅलार्ड इस्टेटच्या रुंद, रिकाम्या रस्त्यावर गेला. मागें कोणी नाहीं असें पाहून ताशीं ४० ते ५० किलोमीटरवरून गाडी दमानें पण भक्कम ब्रेक लावून १० वर आणावयाची, पुरती थांबवावयाची नाहीं. मध्यें अर्धा मिनिट मोकळी चालवावयाची. असें त्यानें आठ-दहा वेळां केलें. शेवटीं ब्रेक न दाबतां, डिस्क निवेपर्यंत, हळूहळू फिरत तो घरीं आला.

आतां गाडी गल्लींत केव्हां शिरते तें मला कळतही नाहीं. पावसाच्या दिवसांत रात्रभर उभी राहिली तर सकाळीं पहिल्या दोन-चार ब्रेकांना ती थोडी कुरकुरते खरी. तो डिस्कवर रात्रींतून चढलेला गंज असतो आणि चर्नी रोड येईपर्यंत तो निघून जातो. त्यासाठीं मिस्त्रीकडे जाण्याचें कारण नाहीं.